व्हिलन, मुक्काम उमेळे

दहावीच्या वर्गाच्या दारावर नाटकातल्या पात्रांची यादी लागली, तेव्हा तेजस्वीने आधी आपलं नाव वाचलं, मग नावासमोरचा शब्द वाचला आणि मग अशी काही किंचाळली की शेजारच्या वर्गातला भूगोलाचा तास थांबला.

"व्हिलन! ज्युले, मी व्हिलन!"

"आनंद बघा हिचा," ज्युली म्हणाली. ती तेजस्वीच्या बाकावर बसायची आणि यादीत तिच्यासमोर नुसतं 'नर्स' होतं. "जशी काय खासदार झाली."

पण तेजस्वीला आनंद व्हायचं कारण होतं. मागच्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही बाकाकडे बघायची. उमेळे गावाहून सायकलवर माणिकपूरच्या शाळेत यायचं, मागच्या बाकावर बसायचं, तोंडातून चुकून 'पानी' निघालं आणि कोणी हसलं तर उरलेला दिवस मुकाट राहायचं, असा तिचा कार्यक्रम होता. या वर्षी काय झालं कोण जाणे. वक्तृत्वाला नाव दिलं, बाकाकडे न बघता बोलली, आणि टाळ्या पडल्या. एकदा टाळीची चव लागल्यावर ती कुठली गप्प बसते? आता बाई वर्गात आल्या की हिचा हात आधीच वर. प्रश्न कुठलाही असो.

नाटक लिहिलं होतं ऋतिका मॅडमनी. नाव 'उद्याचं शहर'. कौस्तुभ त्यात इंजिनियर. तो येतो, गावाच्या वाडीत हॉस्पिटल बांधायचं म्हणतो, आणि ठकूबाई नावाची गावातली बाई आडवी येते. लिंबू फेकते, शाप देते, नर्सच्या झिंज्या ओढते आणि शेवटी इंजिनियरच्या पाया पडून रडते. सगळ्यात जास्त वाक्यं तिची.

"तुझ्या बोलण्यात तो टोन आहे ना तेजस्वी, तो अगदी नॅचरल आहे," मॅडम तालमीत म्हणाल्या. "तो अजून वाढव. आणि एंट्रीला तुमच्याकडचं एखादं गाणं घे. चिरक्या आवाजात. लोक हसून लोळले पाहिजेत."

लोक लोळणार! तेजस्वीने जोरात मान हलवली.

गाणं शोधायला तिला लांब जायचं नव्हतं. कमळी आते घरातच होती. तेजस्वीच्या बाबांची ही थोरली बहीण, नवरा गेल्यापासून भावाच्या वाडीतच राहणारी. सकाळी माणिकपूरच्या रस्त्यावर पडवळ, अळू, केळफूल घेऊन बसायची, पण तिची खरी ओळख वेगळी होती. आते धवलारीण होती. त्यांच्याकडच्या लग्नांत हळदीपासून मांडवापर्यंतचे सगळे विधी गाण्यातून व्हायचे. ती गाणी म्हणजे धवले, आणि ते सांगणारी ती धवलारीण. तिने म्हटल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागायची नाही. भाजीवाली म्हणून जिच्याशी लोक कढीपत्त्यावरून भांडायचे, तिच्यासाठी लग्नघरात पाट मांडला जायचा.

"मॅडमनं धवला मागितला?" आतेने निवडत असलेली भाजी खाली ठेवली. "सालंत?"

"हो. शाळेच्या नाटकात. मी गावची बाई आहे. मेन रोल."

आतेचा चेहरा असा उजळला की तेजस्वीला जरा कसंतरीच झालं. त्यांच्याकडे धवला म्हणजे सहज गुणगुणायची गोष्ट नव्हती. धवला मागायचा तर घरी येऊन, सुपारी देऊन मागायचा. म्हणजे ज्याने धवला मागितला त्याने मान दिला, इतका साधा आतेचा हिशोब. शाळेने मान दिला होता.

"मंग सोपा देत नाय तुला. हलदीचा देते," ती म्हणाली आणि तिथेच, ओट्यावर, पहिली ओळ धरली:

"पयली हलद गो कोनाला, कोनाला?"

मग स्वतःच, आवाज खाली उतरवून, जबाब दिला:

"भुंयच्या मातीला गो मातीला."

पहिली हळद मातीला, दुसरी विहिरीच्या पाण्याला, तिसरी दारातल्या केळीला, चौथी जिने दळली त्या जात्यावरच्या बाईला, आणि सगळ्यांत शेवटी नवरीला. धवलारीण विचारणार, बाकीच्या बायका जबाब देणार. आणि मध्येच तोडायचं नाही. "तोडलास तं ज्याचं नाव राह्यलं त्याचा अपमान," आतेने बजावलं. "त्याला काय सांगशील, हलद संपली?"

तेजस्वीला तर नाटकात दोनच ओळी हव्या होत्या. पण आते पूर्ण शिकवल्याशिवाय सोडेना.

इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं. बिघडवलं ते त्या जाडजूड शब्दकोशाने.

शाळेत दर शनिवारी प्रार्थनेनंतर दहावीतलं कोणीतरी एका इंग्रजी शब्दाची जन्मकथा सांगायचं. तेजस्वीची पाळी नाटकाच्या आधीच्या शनिवारी आली. तिने काय करावं? 'व्हिलन' हाच शब्द निवडला. म्हणजे शब्दाची गोष्टही सांगून होईल आणि स्वतःची जाहिरातही! लायब्ररीत बसून तिने तो शब्दकोश उघडला, बोटाने ओळ धरली, वाचलं. पुन्हा वाचलं. मग घरी जाऊन बाबांच्या मोबाइलवर आणखी शोधलं, कारण तिला वाटलं आपल्यालाच इंग्रजी नीट समजलं नसेल.

समजलं होतं. लॅटिन भाषेत 'व्हिला' म्हणजे शेतावरचं घर, शेतवाडी. त्या वाडीत राबणारा तो व्हिलन. एवढंच. कोणाचा खून नाही केला, कोणाची पोरगी नाही पळवली. नांगरत होता बिचारा. हा शब्द फ्रान्समधून इंग्लंडात गेला, तेव्हासुद्धा त्याचा अर्थ जमीनदाराच्या जमिनीला बांधलेला शेतकरी असाच होता. मग गढ्यांत बसणारे, घोड्यांवर फिरणारे लोक म्हणू लागले, हे शेतकरी अडाणी. मग म्हणाले, अडाणी म्हणजे असभ्य. असभ्य म्हणजे मनाने हलके. हलके म्हणजे दुष्ट. आणि शेवटी नाटकवाल्यांना वाईट माणूस हवाच होता, त्यांनी हा शब्द आयता उचलला.

तेजस्वीच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. बरं, दुसऱ्या एका पानावर काय लिहिलेलं? 'नाइट' म्हणजे सरदार, चिलखतवाला. तो शब्द मूळचा कोणाचा? पोरग्याचा, नोकराचा! नोकर घोड्यावर बसला, त्याचा शब्द चढत चढत सरदार झाला. आणि जो चिखलात उभा राहून त्या सरदाराला, त्याच्या घोड्याला, सगळ्यांना खायला घालत होता, त्याचा शब्द? तो घसरत घसरत शिवी झाला. आणि 'व्हिला' मात्र वर! त्यांच्या केळीच्या वाडीपलीकडे जे नवं कॉम्प्लेक्स झालं, त्याच्या कमानीवर सोनेरी अक्षरांत हेच लिहिलं होतं, आणि तिथे फ्लॅट घ्यायला लोक गाड्यांतून येत होते. घराला मान आणि घरात राबणाऱ्याला शिवी. हा कुठला न्याय?

शनिवारी तिने हे सगळं माइकवर सांगितलं. आवाज चढवून, हात नाचवून. 'हा कुठला न्याय' या वाक्यावर थांबली, टाळीची वाट बघत.

पुढच्या रांगेतून कौस्तुभ म्हणाला, "म्हणजे तेजू ओरिजिनल व्हिलन! मुक्काम उमेळे!"

अख्खं मैदान हसलं. शिक्षकही हसले. ऋतिका मॅडम सगळ्यांत जास्त.

मधल्या सुट्टीत तेजस्वी तडक स्टाफरूममध्ये गेली.

"मॅडम, ठकूबाईचा शेवट बदलू या ना. ती पाया का पडते? आणि ती नुसती वेड्यासारखी आडवी येते. तिची वाडी जातेय. तिने काही तरी विचारलं तर पाहिजे."

"अगं, कॉमेडी आहे ती," मॅडम वही तपासता तपासता म्हणाल्या. "जरा सेन्स ऑफ ह्यूमर ठेव."

"पण ती गावठी आहे म्हणूनच सगळे हसणार."

"मग? गावठीच दाखवायचंय."

"मॅडम, तुम्ही आमच्या आतेकडून पडवळ घेता तेव्हा 'गावठी आहे ना, नक्की गावठी ना' असं विचारून घेता. पडवळ गावठी चांगलं आणि बाई गावठी वाईट?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. क्षणभर वाटलं, आता पटलं. पण त्या म्हणाल्या, "फार बोलायला लागली आहेस हल्ली. हे बघ, व्हिलन हा नुसता रोल असतो. तुला नको असेल तर ज्युलीला देते. तिलाही येतं तसं बोलता."

खरं सांगायचं तर संतापाइतकीच तिला त्या स्टेजची भूक होती. लाइट, पडदा, माणसांनी भरलेला हॉल. ते ज्युलीला? ती मान खाली घालून बाहेर आली.

"माझ्यावर काय डोळे काढतेस?" ज्युली म्हणाली. "मी नाही मागितला. आमच्याही घरी मम्मी-पप्पा आमच्या बोलीतच बोलतात. पण मी शाळेत तसलं एक अक्षर काढत नाही. कशाला उगाच? तू काढतेस, म्हणून सापडलीस."

आता निदान आतेला सांगायला हवं होतं. रोज सायकलवरून घरी जाताना तेजस्वी ठरवायची, आज सांगते. आणि रोज घरी गेलं की आते नवीन काही तरी काढून बसलेली असायची. एके दिवशी तिने ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलं. डांबरगोळ्यांचा वास मारणारं, लाल काठाचं. ते ती फक्त मोठ्या घरच्या हळदीला नेसायची. तेजस्वीला उभं करून तिने ते गुडघ्यापर्यंत घट्ट नेसवलं, पदर कमरेला खोचला.

"अशी. चिखलात उतरली तरी सुटाचं नाय," ती म्हणाली आणि लांबून बघत राहिली. "शोभतंस गो."

"आते," तेजस्वीने सुरुवात केली, "ते नाटक जरा विनोदी आहे हां."

"असू दे की. हलदीला काय रडतात?"

संपलं. याच्यापुढे काय सांगणार? वर आतेने जाहीर केलं की ती एकटी येणार नाही, आळीतल्या चौघी तिच्याबरोबर येतील. लवकर जाऊन पुढे बसतील. तेजस्वीला रात्री झोप लागेना. सगळा हॉल ज्या बाईला हसणार होता, ती बाई पहिल्या रांगेत बसून स्वतःला बघणार होती. आणि हसवणार कोण? तिचीच भाची, तिचंच लुगडं नेसून.

कार्यक्रमाच्या दिवशी पडद्याच्या फटीतून तेजस्वीने डोकावलं. पाचही जणी आल्या होत्या. अंबाड्यांत अबोलीचे गजरे, मांडीवर पिशव्या, पाठी ताठ. त्यांच्या मागे मोबाइल धरलेले आईबाप. आते शेजारणीला स्टेजकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती.

"एंट्री!" मॅडम विंगेतून कुजबुजल्या. "चिरका आवाज! विसरू नकोस!"

तेजस्वी लाइटमध्ये आली. लुगडं, कपाळाला मॅडमनी लावलेलं ताटाएवढं कुंकू, काळे केलेले दोन दात. हॉल ती दिसताच हसायला लागला. तिने पायांकडे बघितलं आणि सांगितल्याप्रमाणे चिरकली:

"पयली हलद गो कोनाला, कोनाला?"

हशा उसळला. कोणीतरी शिट्टी मारली. आता कौस्तुभने यायचं होतं आणि ओरडायचं होतं. तो आलाही. पण त्याने तोंड उघडायच्या आत पहिल्या रांगेतून, पाच गळ्यांतून, मांडव भरावा तसा जबाब आला:

"भुंयच्या मातीला गो मातीला!"

कोणी ठरवलं नव्हतं. त्या पाच जणींना नाटकात पुढे काय आहे ते माहीत नव्हतं. हळद कोणाला, असं कोणी विचारलं की जबाब द्यायचा, एवढं त्यांना माहीत होतं. जन्मभर दिला होता. समोर पोरगी एकटी उभी राहून विचारतेय आणि आपण गप्प बसायचं, ही कुठली रीत?

हॉल आणखीच हसला. मागची काही मुलं तर उभी राहून बघायला लागली. कौस्तुभ गोंधळला, पण वाक्य त्याला पाठ होतं. तो ओरडला, "बंद कर ते रडगाणं, व्हिलन कुठची!"

तेव्हा आते उभी राहिली. रागाने नाही, लग्नात मध्येच घुसणाऱ्या पोरांना सांगतात तशी.

"ए बाला, धवला मधीच तोडीत नाय. हो बाजूला जरा. पोरीला म्हनू दे."

आता लोक हसले ते कौस्तुभला. तो खरंच दोन पावलं बाजूला झाला आणि विंगेत मॅडमकडे बघायला लागला. मॅडम हाताने 'पुढे चल, पुढे चल' करत होत्या. पुढचं वाक्य तेजस्वीचं होतं. 'मी शाप देते, तुझं हॉस्पिटल जळून जाईल.' तिला ते तोंडपाठ होतं.

तिने आतेकडे बघितलं. आते अजून उभी होती, मान किंचित पुढे काढून, जशी ती मांडवात नवख्या पोरींना आधार द्यायला काढते. तिच्या तोंडावर लाज नव्हती, शंकाही नव्हती. तिला अजून वाटत होतं की हा मान आहे.

तेजस्वीला आठवलं: मैदानातलं ते हसणं, स्टाफरूममधलं ते पेन, कमानीवरची ती सोनेरी अक्षरं, सगळं एकदम. तिने पदराने कपाळावरचं ते भलंमोठं कुंकू पुसलं आणि स्वतःच्या आवाजात, छाती भरून, विचारलं:

"दुसरी हलद गो कोनाला, कोनाला?"

"बावीच्या पान्याला गो पान्याला!"

तिसरी. चौथी. हशा एकदम थांबला असं काही झालं नाही. मागे कोणीतरी शेवटपर्यंत खिदळत होतं, एका बाईने तर सगळा वेळ मोबाइलवर बोलून घेतलं. पण मधल्या रांगांतून आणखी दोनतीन आवाज जबाबात मिसळले. कोण होत्या त्या, तेजस्वीला दिसलं नाही. आणि विंगेत नर्सच्या पांढऱ्या कोटात उभी असलेली ज्युली, जी शाळेत तसलं एक अक्षर काढत नव्हती, तिचे ओठ हलत होते.

नवरीची हळद झाली. धवला पुरा झाला. कौस्तुभने घाईघाईने थेट शेवटचं वाक्य म्हटलं, "ठकूबाई, आता तरी माझ्या पाया पड!"

"का पडू?" तेजस्वी म्हणाली. "हॉस्पिटल बांध ना. पण माझ्या केळी तोडण्याआधी दारात येऊन मला विचारलंस का? विचारशील तर चहा पण देईन. नाही विचारलंस, तर व्हिलन कोण?"

कौस्तुभ पुन्हा विंगेकडे बघायला लागला. पडदा पडला. पडला म्हणजे मॅडमनी तो पाडायला लावला.

विंगेत मॅडमचा चेहरा लाल झाला होता. "माझं नाटक मोडलंस तू. महिनाभराची मेहनत. विरारच्या आंतरशालेय स्पर्धेला आता तू नाहीस. समजलं? साधा रोल होता गं. व्हिलनचा एक साधा रोल!"

"मॅडम, तो शब्दपण आधी साधाच होता," तेजस्वी म्हणाली. "शेतात राबणारा, एवढाच. व्हिलनचा रोल त्याला दुसऱ्यांनी दिला. त्याला कोणी विचारलं नाही, नको असेल तर दुसऱ्याला देऊ का म्हणून."

मॅडम काही तरी बोलणार होत्या, पण पुढचा नाच सुरू व्हायचा होता आणि मुली घागरे सावरत मध्ये घुसल्या. तेजस्वी मागच्या दाराने बाहेर आली. स्टेज गेलं. लाइट, टाळ्या, विरारची स्पर्धा, सगळं गेलं. रडायला येत होतं, आणि रडायला येतंय याचाच राग येत होता.

आते चपला घालून पायऱ्यांशी उभी होती. बाकीच्या चौघी रिक्षा ठरवायला पुढे गेल्या होत्या.

"त्या पोरानं तुला काय म्हटलं? विलन?" तिने विचारलं. "म्हंजे काय?"

तेजस्वीने सांगितलं. सगळं. शेतवाडी, नांगरणारा माणूस, शिवी. मग ठकूबाई, लिंबू, पाया पडणं. मॅडमना धवला कशासाठी हवा होता, तेही.

तेजस्वीला वाटलं, आता ही स्टाफरूमकडे वळेल, मॅडमना दोन शब्द ऐकवेल. पण आतेने तिच्याकडेच बघितलं, आणि त्या नजरेत जो राग होता तसा तेजस्वीने कधी पाहिला नव्हता.

"त्या बाईचं सोड. तिला धवला काय ते ठावंच नाय. तुला ठावं व्हतं ना?"

तेजस्वी पदराने काळे केलेले दात पुसायला लागली.

"तुला ठावं व्हतं, ते लोक मना हसनार. मना नाय सांगितलंस. माझं लुगडं नेसून, दात कालं करून, पयली हलद तू चिरकून म्हटलीस. मातीची हलद!"

"पण नंतरच्या मी नीट म्हटल्या ना आते! सगळ्या पुऱ्या केल्या! मला नाटकातून काढलं त्याच्यासाठी!"

"पयली राह्यली," आते म्हणाली.

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. आतेने तेजस्वीचा खांदा धरला, तिला वळवलं आणि तिथेच, शाळेच्या दारात, सुटत आलेला काष्टा खसकन ओढून पुन्हा घट्ट खोचला. हात मऊ नव्हता.

"बुधवारी नायगावला हलद हाय. तू येनार. माझ्या बाजूला उभी राहनार आनि पयली तू म्हननार. तिथं हसायला कोन नाय, पन चुकलीस तं मांडवाबायेर काढीन."

"बुधवारी?" तेजस्वी उसळली. "आते, गुरुवारी माझा विज्ञानाचा पेपर आहे! हे काय, सगळे मलाच शिक्षा देणार का?"

"मंग आजपासून अभ्यास कर," आते म्हणाली आणि रिक्षात बसून तिच्यासाठी सरकली.